अकरा मेखा

मी काही दुकानदार नाही.
वर्षाकाठी दोन-तीन वस्तू विकते,
त्याही गॅरेजात गाडी मावेनाशी झाली की.
गेल्या साली पाव भाजायचं यंत्र गेलं,
त्याआधी नेव्हिलचे गोल्फचे बूट,
नेव्हिल स्वतः त्याच्याही आधी,
बिनबोलीचा.

या खेपेला तंबू.
सहा माणसांचा, निळा, मधे पडदा टाकून दोन खोल्या.
बोली एका डॉलरपासून.
फोटोसाठी हिरवळीवर उभा केला,
एकटीनं, वाऱ्यात;
आणि आमच्या ओमारूचा वारा म्हणजे
मदतीला धावून येणारा मेहुणा,
नको तिथे हात घालणारा.

वर्णनात खरं तेच लिहायचं, हा माझा नेम.
चेन जरा अडते. तळाला डाग आहे, बशीएवढा.
कशाचा, ते लिहिलं नाही.
ॲव्हिमोरच्या तळ्याकाठी चौथ्या दिवशीही पाऊस,
आठ वर्षांच्या कॅलमच्या हातून बीटाचा डबा सुटला,
आणि सकाळपासून एकमेकांशी न बोललेले आम्ही पाच जण
त्या लाल ओघळाकडे बघत
पोट दुखेपर्यंत हसलो.
असल्या गोष्टींनी भाव वाढत नाही.
आणि शब्दांनाही मर्यादा होती.

टिमारूहून कुणीतरी विचारलं, घरात कुणी सिगारेट ओढतं का?
नेव्हिल गेल्यापासून नाही, असं लिहून खोडलं,
नुसतं नाही ठेवलं.
दुसऱ्यानं विचारलं, मेखा पुऱ्या आहेत?
गुडघ्यांवर रांगत मोजल्या.
अकरा, लिहिलं. बाराव्या जागी दगड ठेवा,
यातली मेख एवढीच.

रविवारी रात्री आठ सत्तेचाळीसला लिलाव संपणार.
दिवसभर एकोणीस जण नुसते बघत होते.
साडेआठला चौदा डॉलर, बोलणारे दोघंच.
तंबू उतरवायचा राहिलाच होता,
फोन घेऊन आत जाऊन बसले.
जानेवारीतला उजेड कापडातून निळा होऊन येत होता,
माझे हात कुणा दुसरीचे वाटत होते.

इथे कुणी हातोडा आपटत नाही,
एक वार, दोन वार कुणी म्हणत नाही.
शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली
की घड्याळ आणखी दोन मिनिटं थांबतं,
नियम एवढाच.
सोळा. दोन मिनिटं.
साडेसोळा. (पन्नास सेंटांनी कोण वाढवतं, देवा?)
वीस. दोन मिनिटं.
शेजारच्या घराखाली पेंग्विन परतले,
त्यांचं रोजचं भांडण सुरू झालं.
एकवीस. सव्वीस.
पैशाचं म्हणाल तर
एवढ्यात गाडीची टाकीसुद्धा अर्धी भरत नाही.
पण मी आत आडवी पडून मनात म्हणत होते,
भांडा, आणखी भांडा, सोडू नका कुणी.
दोन दोन मिनिटांनी मी पुन्हा पुन्हा
सहा माणसांच्या घराची मालकीण होत होते.

नऊ वाजून बारा मिनिटांनी एकानं हात टेकले.
सत्तेचाळीस डॉलर.

घ्यायला आली ओफा फिफिता,
चारच गल्ल्या पलीकडची, बरोबर भाचरं धरून पाच पोरं.
तुम्हीच का रेविन? डाग कसला हो?
म्हटलं, बीटाचा.
मग आमचाही पडेल शेजारी, म्हणाली.
चेन कशी ओढायची ते दाखवलं,
डाव्या हातानं किंचित उचलून;
धाकटीनं सात वेळा लावून बघितली.
गाडी वळल्यावर हिरवळीवर
पिवळट चौकोन उरला, तेवढाच.

रात्री तिचा अभिप्राय आला:
प्रामाणिक बाई. सगळं सांगितल्याप्रमाणे.

खोटं नव्हतंच ते.
जमिनीत अकराच होत्या.
बारावी गॅरेजच्या खिडकीला अडसर म्हणून आहे,
त्या पावसाच्या वर्षापासून,
थोडी वाकलेली.
चारच गल्ल्या. नेऊन देता येईल.
बघू.